परदेशात शिकायला जाताय? पहिल्या महिन्यात मोबाइलचं कॉन्ट्रॅक्ट करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी परदेशी निघालात. तिथली सिनिअर मुलं सांगतायत की पोहोचल्याबरोबर दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट घेऊन टाक, सोबत नवा फोन जवळजवळ फुकटात पडतो. निघण्याआधीच ई-सिम (प्लास्टिकच्या तुकड्याऐवजी थेट फोनमध्ये टाकायचं सिम) घेऊन ठेवावं का, आणि रोमिंगचा भुर्दंड नको म्हणून घरचा नंबर बंद करून टाकला तर चालेल का, हेही विचारलंय. देश कोणता ते लिहिलेलं नाही, त्यामुळे काही ठिकाणी मला ‘ते देशावर अवलंबून आहे’ म्हणावंच लागेल. तसं जिथे आहे तिथे उदाहरणादाखल देशांची नावं घेऊन सांगते.

मी आधी एका मोबाइल कंपनीच्या काउंटरवर होते, आता विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांच्या कक्षात काम करते. म्हणजे आधी कॉन्ट्रॅक्ट विकायचे आणि आता त्यातून मुलांना सोडवायला मदत करते. दोन्हीकडून पाहिल्यावर माझं मत असं झालंय की ‘स्वस्त प्लॅन कोणता’ हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. प्लॅन महाग निघाला तर पुढच्या महिन्यात बदलता येतो. मुलं अडकतात ती वेगळ्याच दोन ठिकाणी. एक तर जुना नंबर घालवून बसतात आणि मग बँकेचा ओटीपी येईनासा होतो. नाहीतर ज्या गावात अजून राहायचा पत्ताही पक्का नाही, तिथे दोन वर्षांच्या कागदावर सही करून मोकळी होतात.

म्हणून आधी हे डोक्यात बसवा की तुमच्याकडे दोन नंबर असणार आहेत आणि दोघांची कामं वेगळी आहेत. जुना नंबर ओळख पटवण्यासाठी, नवा नंबर रोजच्या वापरासाठी. एकाच नंबरवर दोन्ही भागवायला गेलात की खर्च तरी वाढतो, नाहीतर काम तरी अडतं.

घरच्या नंबरापासून सुरू करते, कारण ते काम विमानात बसण्याआधी उरकायचं आहे. तो बंद करू नका. शिक्षणकर्जाचं खातं, घरच्या बँकेतून फी पाठवणं, कर भरणं, ईमेलचा पासवर्ड विसरल्यावर येणारा कोड, सगळं त्याच नंबराला बांधलेलं असतं. ‘तिकडे गेल्यावर बँकेत नवा नंबर देईन’ असं पुष्कळ जण म्हणतात. पण नंबर बदलायला बऱ्याच बँका शाखेत प्रत्यक्ष बोलावतात, नाहीतर खात्री म्हणून जुन्या नंबरावरच ओटीपी पाठवतात. जुना नंबर बंद म्हणजे किल्ली घरात राहिली आणि दार बाहेरून ओढून घेतलं. शिवाय सोडून दिलेला नंबर कायम रिकामा राहत नाही, कंपनी तो काही दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला देते. अमेरिकेत असा नंबर किमान 45 दिवस बाजूला ठेवण्याचा नियम आहे, त्यानंतर तो कुणाकडेही जाऊ शकतो. म्हणजे तुमच्या खात्याचे कोड एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजत राहणार.

आता खर्चाची भीती. नंबर चालू ठेवणं वेगळं आणि रोमिंग वापरणं वेगळं. घरच्या सिमवर नंबर जिवंत राहील एवढा सगळ्यात लहान प्लॅन ठेवा. आलेल्या एसएमएसला बऱ्याच कंपन्या रोमिंगमध्ये पैसे लावत नाहीत. पैसे जातात ते पाठवलेल्या एसएमएसचे, उचललेल्या कॉलचे आणि सगळ्यात जास्त डेटाचे. तुमच्या कंपनीचा दर काय आहे ते निघण्याआधी ॲपमध्ये बघा आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग घरी असतानाच सुरू करून घ्या. नंतर तिकडून सुरू करायला गेलात तर कस्टमर केअर हमखास एक ओटीपी मागतं, आणि रोमिंग नसल्यामुळे तो ओटीपी येत नाही. व्हॉइसमेल असेल तर तेही बंद करून जा, कारण न उचललेला कॉल परदेशातून व्हॉइसमेलकडे वळवला जातो आणि त्याचेही पैसे लागू शकतात.

फोनमधल्या सेटिंगकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण मोठी बिलं इथूनच येतात. दोन सिम असलेल्या फोनमध्ये मोबाइल डेटा कोणत्या सिमवरून जाणार ते ठरवावं लागतं, तिथे नवं सिम निवडा. मग जुन्या सिमच्या सेटिंगमध्ये जाऊन डेटा रोमिंग बंद करा. एवढं करून मुलं निर्धास्त होतात. पण आयफोनमध्ये ‘अलाऊ सेल्युलर डेटा स्विचिंग’ नावाचं आणखी एक बटण असतं. ते चालू असेल तर जुन्या सिमवर कॉल चालू असताना डेटाही गुपचूप त्या सिमवर जाऊ शकतो. तेही बंद ठेवा. आयफोनमधली आयमेसेज आणि फेसटाइम ही ॲप नव्या देशात पुन्हा चालू होताना जुन्या नंबरावरून एक एसएमएस आपोआप परदेशी नंबराला जातो, तुम्हाला तो दिसतही नाही. बिलात किंवा बॅलन्समध्ये पहिल्याच दिवशी छोटीशी कपात दिसली तर बहुधा ती त्याचीच.

उतरल्या दिवशी, खोलीवर पोहोचल्यावर, घरच्या बँकेच्या ॲपमध्ये एकदा लॉग इन करून ओटीपी येतो का बघा. फी भरायच्या शेवटच्या रात्री ही तपासणी करायची नसते. आणि जिथे जिथे चालतं तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे फोनवरच कोड तयार करणारं ॲप, लावून घ्या. ईमेलला तर नक्कीच. त्यासोबत मिळणारे बॅकअप कोड कागदावर छापून पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवा, फोनमध्ये नको. फोनच चोरीला गेला तर फोनमधल्या कोडचा काय उपयोग?

इथे एक प्रश्न नेहमी येतो: घरचा नंबर प्लास्टिकच्या सिमवर ठेवायचा की ई-सिमवर? माझी पसंती अशी: जुना नंबर प्लास्टिकच्या सिमवर, नवा नंबर ई-सिमवर. नव्या नंबराचं ई-सिम बिघडलं तर त्या कंपनीचं दुकान त्याच गावात आहे, ओळखपत्र दाखवून पुन्हा मिळतं. जुन्या कंपनीचं दुकान मात्र हजारो मैल लांब. फोन बंद पडला तर प्लास्टिकचं सिम काढून कुणाच्याही साध्या फोनमध्ये घालता येतं, ई-सिमचं तसं नाही. याला एक मोठा अपवाद आहे. अमेरिकेत विकले जाणारे आयफोन, 2022 मधल्या आयफोन 14 पासून, सिमच्या खाचेशिवाय येतात. तिथे जाऊन नवा आयफोन घ्यायचा विचार असेल तर घरच्या नंबराचं सिम टाकायला जागाच नसेल. अशा वेळी निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी जुना नंबर ई-सिमवर करून घ्या. आदल्या दिवशी नको, कारण सिम बदलल्यावर काही देशांत सुरक्षिततेसाठी थोडा वेळ एसएमएस रोखून धरतात.

आता हातातला फोन तिकडे चालेल का ते बघायचं. स्टार-हॅश-झिरो-सिक्स-हॅश, म्हणजे *#06#, डायल करा. 15 आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसेल, आणि फोनमध्ये ई-सिमची सोय असेल तर बहुतेक फोनवर 32 आकडी ईआयडी, म्हणजे ई-सिमचा ओळख क्रमांकही दिसेल. ईआयडी दिसला नाही तर ई-सिमच्या जाहिरातींकडे बघूच नका. दुसरं म्हणजे फोन एकाच कंपनीच्या सिमला लॉक केलेला आहे का. हप्त्यांवर घेतलेले फोन बऱ्याचदा असतात. कॅनडात 1 डिसेंबर 2017 पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर 2021 पासून लॉक केलेले फोन विकायला बंदी आहे, पण सगळीकडे असा नियम नाही. घरीच मित्राचं दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा, दोन मिनिटांत कळतं.

तिसरी गोष्ट विद्यार्थी सहसा तपासत नाहीत: फोनवरून 4जी नेटवर्कवर कॉल लागतो का, म्हणजे व्हीओएलटीई (VoLTE) चालतं का. पूर्वी फोन 4जीवर इंटरनेट वापरायचा आणि कॉलसाठी 3जीवर उतरायचा. आता बऱ्याच देशांत उतरायला 3जी राहिलेलंच नाही. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ते 2022 मध्ये बंद केलं, ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा आणि ऑप्टसने 28 ऑक्टोबर 2024 पासून बंद केलं. ऑस्ट्रेलियात तर 4जीवरून 000 हा आणीबाणीचा नंबर लावू न शकणारा फोन कंपन्यांना नेटवर्कवरूनच काढावा लागतो. दुसऱ्या देशात विकत घेतलेला, दिसायला अगदी चांगला आणि तीन वर्षं जुनासुद्धा नसलेला फोन असा बाद होऊ शकतो. त्यामुळे तिथल्या कंपनीच्या वेबसाइटवर आयएमईआय टाकून तपासा, बऱ्याच कंपन्यांनी ती सोय ठेवली आहे. तुर्कस्तानला जाणार असाल तर आणखी एक: बाहेरून आणलेला फोन तिथल्या सिमवर 120 दिवस चालतो, त्यानंतर शुल्क भरून नोंदणी केली नाही तर बंद होतो.

निघण्याआधी ई-सिम घ्यावं का? घ्या, पण प्रवासी ई-सिम आणि तेही आठवड्याभराचं. ही ई-सिम बहुतेक नुसत्या डेटाची असतात, त्यांना नंबर नसतो. विमानतळावरून बाहेर पडताना नकाशा बघायला, घरी पोहोचल्याचं कळवायला, घरमालकाला मेसेज करायला तेवढं पुरे. बँकेत नाव नोंदवायला मात्र त्याचा उपयोग नाही. ते घरच्या वाय-फायवरच फोनमध्ये टाकून ठेवा, कारण टाकायलाही इंटरनेट लागतं. वैधता टाकल्यापासून मोजतात की तिथल्या नेटवर्कला पहिल्यांदा जोडल्यापासून, हे आधी वाचा. आणि काहीही अडलं तरी ‘डिलीट करून परत टाकू’ असं करू नका, कारण ई-सिमचा क्यूआर कोड बऱ्याचदा एकदाच चालतो. विमानतळावरच्या काउंटरबद्दल फार लिहीत नाही. तिथे महाग पडतं, पण मध्यरात्री उतरलात आणि दुसरी सोय नसेल तर खुशाल घ्या.

मग येतो पहिला महिना, आणि इथे माझं सिनिअर मुलांशी जमत नाही. पहिला महिना प्रीपेड घ्या, थोडं महाग पडलं तरी. पहिल्या महिन्यात तुम्हाला तीन गोष्टी माहीत नसतात: तुमचा कायमचा पत्ता, तुमचं तिथलं बँक खातं आणि तुमच्या खोलीत कुणाची रेंज येते. कॉन्ट्रॅक्टला या तिन्ही लागतात.

कागदपत्रांचं देशागणिक बदलतं, तेवढं सांगते. ब्रिटनमध्ये प्रीपेड सिम दुकानातून ओळखपत्राशिवायही मिळतं. जर्मनीत 1 जुलै 2017 पासून प्रीपेड सिम सुरू करायलाही पासपोर्टची तपासणी लागते, बऱ्याचदा ती व्हिडिओ कॉलवर होते. त्यासाठी इंटरनेट हवं, म्हणजे ते प्रवासी ई-सिम इथे कामाला येतं. चीनमध्ये 1 डिसेंबर 2019 पासून नवं सिम घेताना चेहऱ्याचं स्कॅन होतं. जपानमध्ये कॉलची सोय असलेल्या सिमला रेसिडेन्स कार्ड (तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाचं ओळखपत्र) मागतात, नुसत्या डेटाच्या सिमचे नियम सैल आहेत. नारिता, हानेदासारख्या मोठ्या विमानतळांवर ते कार्ड उतरल्यावरच हातात पडतं, पण त्यावर पत्ता नसतो. पत्ता त्यावर चढतो तो राहायला गेल्यानंतर 14 दिवसांत नगरपालिकेच्या कार्यालयात जाऊन. मग बँक म्हणते फोन नंबर आणा आणि फोनवाला म्हणतो बँक खातं आणा. हा पेच फक्त जपानातला नाही, कमीअधिक प्रमाणात सगळीकडे आहे. त्यातून सुटायचा साधा मार्ग म्हणजे बँक खातं न मागणारं प्रीपेड सिम आधी घ्यायचं, तो नंबर बँकेला द्यायचा आणि बाकीचं सावकाश.

अमेरिकेत पोस्टपेडला क्रेडिट हिस्टरी, म्हणजे आधीची कर्जं-बिलं वेळेवर फेडल्याची नोंद, बघतात आणि सोशल सिक्युरिटी नंबर हा तिथला सरकारी क्रमांक मागतात. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाला तो नंबर नोकरी लागल्याशिवाय मिळत नाही, अगदी कॅम्पसवरची का असेना. काही कंपन्या पासपोर्ट आणि डिपॉझिट घेऊन पोस्टपेड देतात. त्या डिपॉझिटपेक्षा प्रीपेड बरं.

दुसऱ्याच्या नावावर सिम घेण्याचा मोह मात्र टाळा. रूममेट म्हणतो, माझ्या नावावर एक सिम पडून आहे, वापर. दक्षिण कोरियात तर अनेक वेबसाइट मोबाइल नंबर तुमच्याच नावावर नोंदलेला आहे का ते बघून ओळख पटवतात. दुसऱ्याच्या नावाच्या सिमवर तिथे ऑनलाइन व्यवहार जवळपास अडूनच बसतात. बाकी देशांतही सिम हरवलं की नवं मिळणार ते ज्याच्या नावावर आहे त्यालाच. चार मुलांनी मिळून घेतलेल्या फॅमिली प्लॅनचंही तेच. बिल एकाच्या नावावर असतं, आणि तो पदवी घेऊन आधी निघून गेला की उरलेल्यांची धावपळ होते.

आता रेंज. कंपनीच्या वेबसाइटवरचा नकाशा रस्त्यावरची रेंज दाखवतो, तुमच्या खोलीतली नाही. वसतिगृहाच्या नव्या इमारतींत उष्णता अडवायला खिडक्यांच्या काचांवर धातूचा पातळ थर दिलेला असतो, आणि तो मोबाइलचे सिग्नलही अडवतो. फुटपाथवर चार दांड्या आणि खोलीत शून्य, असं त्यामुळे होतं. पहिल्या महिन्याचं प्रीपेड म्हणजे खरं तर हीच चाचणी. खोलीत, ग्रंथालयाच्या तळघरात, बसच्या रस्त्यावर, आणि काम करायचं ठरलं तर कामाच्या ठिकाणी, रेंज बघून घ्या. शेजारच्या खोलीतल्यांना कुणाचं सिम आहे ते विचारा, ही माहिती कुठल्याही नकाशापेक्षा पक्की असते. खोलीत कुणाचीच रेंज नसेल तर वाय-फाय कॉलिंग असलेला प्लॅन शोधा. काही स्वस्त प्लॅनमध्ये ते नसतं.

आणि चाचणी करताना हे ध्यानात ठेवा की प्रत्येक ब्रँडचे स्वतःचे टॉवर नसतात. ब्रिटनमध्ये गिफगाफ ओ2च्या टॉवरवर चालतं, अमेरिकेत मिंट मोबाइल टी-मोबाइलच्या आणि व्हिजिबल व्हेरायझनच्या. रेंज मूळ कंपनीचीच आणि पैसे कमी, म्हणून विद्यार्थ्यांसाठी हे ब्रँड मला आवडतात. फरक पडतो तो गर्दीत. टॉवरवर ताण आला की मूळ कंपनीच्या महागड्या ग्राहकाला आधी वाट मिळते आणि या स्वस्त प्लॅनवाल्याला नंतर. स्टेडियममध्ये किंवा संध्याकाळच्या स्टेशनवर ते जाणवतं, अभ्यासिकेत नाही.

डेटा किती घ्यायचा? मुलं घाबरून अनलिमिटेड घेतात. विद्यापीठात आणि खोलीवर वाय-फाय असणार. एज्युरोम हे विद्यापीठांचं वाय-फाय 100 हून अधिक देशांत चालतं, म्हणजे स्वतःच्या विद्यापीठाच्या लॉगिनवर दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या देशातल्या विद्यापीठातही फोन आपोआप जोडला जातो. मोबाइल डेटा उरतो तो रस्त्यातला. नकाशा आणि मेसेज फार खात नाहीत. खातो तो व्हिडिओ: एचडी दर्जाचा चित्रपट तासाला 3 जीबीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून पहिल्या महिन्यात मध्यम प्लॅन घ्या, महिनाअखेरीस फोनच्या सेटिंगमध्ये त्या सिमचा वापर बघा आणि त्यावरून ठरवा. आणि अनलिमिटेड घेतलंच, तर ठरावीक वापरानंतर वेग किती होतो ती बारीक अक्षरातली ओळ वाचा.

घरी बोलायला आंतरराष्ट्रीय मिनिटांचा प्लॅन लागत नाही, ॲपवर बोलणार आहात. घरच्या बँकेच्या हेल्पलाइनला कधीतरी फोन करावा लागतो, त्यासाठी थोडा बॅलन्स पुरतो. फोनबुकमधले घरचे सगळे नंबर अधिकच्या चिन्हासह, देशाच्या कोडसह साठवा. परदेशी फोन लावायला युरोपात बहुतेक ठिकाणी 00, अमेरिकेत 011, ऑस्ट्रेलियात 0011 लावावं लागतं. अधिकचं चिन्ह असेल तर हे काही लक्षात ठेवावं लागत नाही.

एक महिना झाला, खोली ठरली, खातं उघडलं. आता तरी कॉन्ट्रॅक्ट? माझं उत्तर: फोनशिवायचं, दर महिन्याला सोडता येईल असं, नुसतं सिमचं. ‘फुकट फोन’चा हिशेब काउंटरपलीकडून कसा दिसतो ते सांगते. बिलावर दोन ओळी असतात. एका ओळीत फोनचा महिन्याचा हप्ता, दुसऱ्या ओळीत तेवढीच सूट. दोन्ही मिळून शून्य, म्हणून फोन फुकट. पण ती सूट एकदम मिळत नाही, ती 24 किंवा 36 महिन्यांत वाटलेली असते. मधेच लाइन बंद केलीत की दुसरी ओळ थांबते आणि पहिल्या ओळीतले उरलेले सगळे हप्ते एकदम भरावे लागतात. अमेरिकेत 36 महिन्यांचे हप्ते सर्रास आहेत, आणि तुमचा अभ्यासक्रम 24 महिन्यांचा. शिवाय हा ‘फुकट’ फोन बहुधा कंपनीच्या महागड्या प्लॅनवरच मिळतो, तो वेगळा खर्च.

24 महिन्यांचं कॉन्ट्रॅक्टही दिसतं तितकं नेमकं बसत नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम सहसा पूर्ण 24 महिने चालत नाही, आणि कॉन्ट्रॅक्ट तुम्ही पोहोचल्यावर सुरू होतं. मधे इंटर्नशिप दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या देशात लागते. ब्रिटनमध्ये तर बरेच मास्टर्स अभ्यासक्रम एकाच वर्षाचे. तिथे कॉन्ट्रॅक्टच्या मधेच दरवाढही होते. 17 जानेवारी 2025 पासून नव्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ही वाढ नेमकी किती पौंड-पेन्स ते आधीच लिहावं लागतं. लिहिलेलं असतं, पण वाचतं कोण! जर्मनीतला कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच सुधारला: 1 डिसेंबर 2021 पासून मूळ मुदत संपल्यावर कॉन्ट्रॅक्ट आपोआप वर्षभरासाठी वाढत नाही, महिन्याच्या नोटिशीवर सोडता येतं. पण मूळ मुदत 24 महिन्यांची असू शकतेच, आणि ती संपेपर्यंत ‘मी मायदेशी चाललो’ म्हटलं की कंपनी सोडेलच असं नाही. परदेशी गेल्यावर बिल कोण मागतंय, असा विचार करणारेही भेटतात. थकबाकी वसुली कंपनीकडे जाते आणि त्या देशातल्या क्रेडिट नोंदीत बसते. नोकरीसाठी परत यायचं असेल तर ती तिथेच वाट बघत असते.

कॉन्ट्रॅक्टच्या बाजूनेही एक मुद्दा आहे, तो लपवत नाही. ब्रिटनमध्ये दरमहा बिल भरायच्या कॉन्ट्रॅक्टची नोंद क्रेडिट अहवालात जाते, वेळेवर भरलंत तर पुढे घर भाड्याने घेताना मदत होते. शिक्षणानंतर तिथेच नोकरी करायचा बेत पक्का असेल तर 12 महिन्यांचं नुसत्या सिमचं कॉन्ट्रॅक्ट घ्यायला माझी हरकत नाही. फोन मात्र वेगळा घ्या.

युरोपीय संघातल्या देशात शिकणार असाल तर एक फायदा आयता मिळतो. 15 जून 2017 पासून संघातल्या इतर देशांत फिरताना रोमिंगचा जादा आकार नाही, आणि हा नियम 2032 पर्यंत वाढवलेला आहे. स्वित्झर्लंड आणि ब्रिटन त्यात आपोआप येत नाहीत, रेल्वेने सीमा ओलांडताना हे विसरायला होतं. शिवाय एका देशाचं स्वस्त सिम घेऊन कायम दुसऱ्या देशात राहता येत नाही. चार महिन्यांतला निम्म्याहून जास्त काळ आणि वापर बाहेरचा दिसला तर कंपनी विचारणा करू शकते आणि नंतर जादा आकार लावू शकते.

एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट, पण आमच्या कक्षात दर सत्राच्या सुरुवातीला हिच्यावरून कुणीतरी धापा टाकत येतं. सिम ज्या क्रेडिट कार्डाएवढ्या प्लास्टिकच्या पट्टीतून तोडून काढतात ती पट्टी फेकू नका. युरोपात सिमला बऱ्याचदा चार आकडी पिन आधीच लावलेला असतो. फोन चालू आहे तोवर काही कळत नाही. मग बॅटरी संपते, फोन पुन्हा सुरू होतो आणि पिन मागतो. तीन वेळा चुकला की सिम अडकतं आणि आठ आकडी पीयूके, म्हणजे अडकलेलं सिम उघडायचा कोड, मागतं. तो त्या पट्टीवर खरवडायच्या पट्ट्याखाली छापलेला असतो. पीयूके दहा वेळा चुकला की सिम कायमचं गेलं. पट्टीचा फोटो काढून स्वतःला ईमेल करून ठेवा. आणि सिम अडकलं तरी इमर्जन्सी कॉल लागेलच असं धरून चालू नका. सिमशिवायच्या फोनवरून जर्मनीत 2009 पासून 112 लागत नाही.

इथवरचा क्रम असा: घरचा नंबर लहान प्लॅनवर जिवंत, फोनची तपासणी, आठवड्याचं डेटा ई-सिम, महिन्याचं प्रीपेड, मग दरमहा सोडता येणारं नुसतं सिम. यात कुठेही दोन वर्षांची सही नाही.

राहिलं ते परत येतानाचं, जे निघताना कुणी विचारत नाही, म्हणून आताच लिहिते. घराचं डिपॉझिट, कराचा परतावा, शेवटचा पगार, हे पैसे तुम्ही निघून गेल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी तिथल्या खात्यात जमा होतात. आणि ते खातं तिथल्या नंबरावर ओटीपी पाठवतं. म्हणजे सुरुवातीला घरच्या नंबराची जी गोष्ट होती तीच आता उलट दिशेने. निघण्याच्या महिनाभर आधी तिथला नंबर वापरावरच पैसे घेणाऱ्या प्रीपेडवर न्या. कंपनी बदलावी लागली तरी नंबर सोबत नेता येतो. ब्रिटनमध्ये 65075 वर PAC (पीएसी) असा एसएमएस केला की 30 दिवस चालणारा कोड मिळतो, तो नव्या कंपनीला दिला की पुढच्या कामाच्या दिवशी नंबर तिकडे जातो. आधी कॉन्ट्रॅक्ट रद्द करू नका, नाहीतर नंबरच जाईल. नंबर हलवला की जुनी लाइन आपोआप बंद होते. असं प्रीपेड काही कंपन्यांत सहा महिन्यांतून एकदा वापरलं तरी चालू राहतं, तेव्हा एखादा एसएमएस पाठवायची आठवण कॅलेंडरमध्ये लावून ठेवा. शेवटचे पैसे हातात आले, खातं बंद झालं, ईमेल आणि विद्यापीठाच्या खात्यांवरून तो नंबर काढला, की मग खुशाल जाऊ द्या.

देश आणि फोनचं मॉडेल कळवलंत तर कोणत्या नेटवर्कची चाचणी आधी घ्यायची ते सांगता येईल.